कार डिटेलिंगचे सेमिनार : फी भरण्याआधी आणि भरल्यानंतर

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोटारगाडीच्या धुलाई-पॉलिशचा धंदा पार बदलून गेला आहे. पूर्वी डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात गाडी ग्राहकाच्या ताब्यात देण्याआधीचे शेवटचे काम म्हणून कंपाउंड मारून देत. त्याचे वेगळे पैसे मागायला कारागीर संकोचत असे. आज तेच काम काचेच्या दरवाजाआड, पांढऱ्या दिव्यांखाली, हातमोजे घालून केले जाते, त्याला 'डिटेलिंग' म्हणतात आणि बिल हजारांत होते. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काय किंवा पुण्याच्या नाना पेठेत काय, गाड्यांचे सुटे भाग, पत्राकाम, रंगकाम, सीटकव्हर यांत आपल्या समाजाचे हात पिढ्यान्‌पिढ्या राबत आले आहेत. मात्र काचेच्या दरवाजाआडच्या गल्ल्यावर आपला माणूस आम्हास क्वचितच दिसतो. आत मशीन फिरवणारा मुलगा पुष्कळदा आपलाच असतो, महिन्याच्या पगारावर.

हे अंतर तोडण्याचा मार्ग म्हणून हल्ली जागोजागी डिटेलिंगचे प्रशिक्षण सेमिनार भरतात. दोन दिवसांचे, तीन दिवसांचे, काही आठवड्याचे. काही माल बनवणाऱ्या कंपन्यांचे, काही खासगी उस्तादांचे. आम्ही कापडाच्या धंद्यातले. सीटकव्हरचे कापड आणि मायक्रोफायबरचे टॉवेल आमच्याकडून जातात, त्या निमित्ताने अशा अनेक सेमिनारांत मागच्या खुर्चीवर बसण्याचा योग आला आहे. एकाच सेमिनारातून परतलेल्या दोघांपैकी एकाची फी काही महिन्यांत वसूल होते आणि दुसऱ्याचे सर्टिफिकेट भिंतीवर धूळ खाते, असे आम्ही पाहिले आहे. फरक शिकवणाऱ्यात असतो तितकाच, किंबहुना त्याहून जास्त, शिकणाऱ्याच्या तयारीत असतो. त्या तयारीबद्दल लिहावे असे मनात होते.

हात आहे, माप नाही

प्रथम हे ध्यानात घ्यावे की आपला अनुभवी पेंटर काही कोरी पाटी घेऊन सेमिनारला जात नाही. लांबी भरणे, वॉटर पेपरने घिसाई करणे, शेड मिळवणे, बफ मारणे हे त्याच्या बोटांत असते. त्याच्याकडे नसते ते माप. आणि डिटेलिंगमध्ये सगळा खेळ मापाचा आहे.

कंपनीतून येणाऱ्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपण लिहिण्यास वापरतो तो कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो. त्यात क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे कागदाच्या निम्म्याहून जास्त नाही. उन्हापासून रंगाला वाचवणारे रसायन याच थरात असते. जोराचे कंपाउंड एकदा मारले की काही मायक्रॉन निघून जातात. दर दिवाळीला गाडी चमकवून देणारा कारागीर दर दिवाळीला त्या गाडीचे आयुष्य थोडे थोडे घासून काढतो. चारपाच वर्षांनी बॉनेटवर पांढरे चट्टे उठतात तेव्हा ग्राहक उन्हाला दोष देतो.

म्हणून पेंटची जाडी मोजणारे यंत्र हे या धंद्याचे पहिले हत्यार. ते घेताना लोखंडी पत्रा आणि अॅल्युमिनियम दोन्ही मोजणारे घ्यावे, कारण साधे यंत्र फक्त लोखंडावर चालते, आणि हल्ली कित्येक गाड्यांचे बॉनेट अॅल्युमिनियमचे असते. प्लॅस्टिकच्या बंपरवर ही साधी यंत्रे काहीच सांगत नाहीत. यंत्राने दोनशे-तीनशेचा आकडा दाखवला तर तो भाग पूर्वी रंगवलेला आहे असे समजावे; आकडा त्याहून फार वर गेला तर खाली लांबी आहे. हे आपल्या पेंटरला डोळ्यांनी कळते, खरे आहे. पण ग्राहकाला आकडा दाखवता येतो, डोळा दाखवता येत नाही. काम हाती घेण्यापूर्वी प्रत्येक भागाचा आकडा ग्राहकासमोर कागदावर लिहून ठेवला, तर पुढे रंग जळाल्याची तक्रार आली की तोंड लपवावे लागत नाही. सेमिनारात इतके एक शिकून आलात तरी फीचा मोठा भाग वसूल झाला असे आम्ही म्हणू.

मशीनचेही तसेच. आपल्या गॅरेजातले गोल फिरणारे रोटरी मशीन आणि त्यावरचा लोकरीचा बफ झपाट्याने काम करतो, पण एका जागी टेकला की उष्णता साचते, कडेला रंग फाटतो, आणि काळ्या गाडीवर उन्हात धुक्यासारखी वर्तुळे दिसतात. त्यांना या धंद्यात 'होलोग्राम' म्हणतात. डिटेलिंगवाले बहुतांशी ड्युअल अॅक्शन मशीन वापरतात, जे फिरते आणि हलतेही. त्यात उष्णता कमी, जळण्याचा धोका कमी, वेळ मात्र जास्त. तीस वर्षे रोटरी चालवलेल्या उस्तादाला हे मशीन पोरखेळ वाटते. त्याने ते हातात धरून एका काळ्या पत्र्यावर दोन्हींचा निकाल शेजारी शेजारी पाहावा, मग बोलावे.

फी भरण्यापूर्वीचे प्रश्न

सेमिनारची जाहिरात पाहून लगेच पैसे पाठवू नयेत. फोन करून विचारावे की एका तुकडीत माणसे किती आणि मशीन किती. पन्नास माणसे आणि दोन मशीन असतील तर तो सेमिनार नव्हे, तमाशा आहे. तुमच्या हातात मशीन एकूण किती तास राहील, हा खरा प्रश्न. दुसरे, सरावासाठी खरा रंगवलेला पत्रा देणार की पडद्यावर चित्रे दाखवणार? तिसरे, सर्टिफिकेट हजेरीचे आहे की परीक्षेचे? परदेशात इंटरनॅशनल डिटेलिंग असोसिएशन ही या धंद्याची संघटना लेखी परीक्षा घेऊन आणि पुढच्या टप्प्यात प्रत्यक्ष काम करवून दाखला देते. आपल्याकडे गाड्यांच्या क्षेत्रासाठी ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत जुन्या अनुभवी कारागिराचे हुनर तपासून त्याला दाखला देण्याची सोयही ठेवण्यात आली होती. ज्याने शाळा पाहिली नाही पण वीस वर्षे गाड्या रंगवल्या, त्याच्यासाठी ही वाट आहे. जवळच्या केंद्रावर जाऊन सध्या कोणती तुकडी चालू आहे ते विचारावे. हजेरीचा कागद मात्र कोणीही छापून देतो.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. फीबरोबर माल घेणे सक्तीचे आहे काय? कित्येक सेमिनार हे बाटल्या विकण्याचे दुकान असते. दोन दिवस त्याच एका कंपनीच्या बाटलीचे गुणगान, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी 'अधिकृत स्टुडिओ' होण्यासाठी लाखाचा माल उचलण्याचा आग्रह. आमच्या ओळखीतल्या एका तरुणाने अशा आग्रहाला भरीस पडून बायकोचे दागिने गहाण ठेवले. कोटिंगच्या बाटल्यांना मुदत असते, आणि एकदा उघडलेली बाटली तर फारच लवकर घट्ट होते. त्याच्या कपाटात वर्षभराने निम्मा माल दगड होऊन पडला होता. आम्ही कंपन्यांच्या विरुद्ध नाही. मेग्वायर्स हे या धंद्यातले जुने नाव अमेरिकेत १९०१ साली लाकडी फर्निचरच्या पॉलिशपासून सुरू झाले आणि २०१३ मध्ये थ्रीएम कंपनीने विकत घेतले. इतकी वर्षे टिकलेल्या मालात काही दम असतोच. म्हणजे आपले सुतार-पॉलिशवाले बांधव आणि गाडीवाले यांचे नाते जुने आहे म्हणायचे! पण शिकायला गेलो असताना माल खरेदीचा करार तिथल्या तिथे करू नये. घरी यावे, चार गाड्या कराव्यात, मग जो माल संपतो तो मागवावा.

'दोन दिवसांत सिरॅमिक कोटिंग, पीपीएफ आणि इंटिरिअर' असे सगळे एकत्र देणाऱ्या जाहिरातीपासूनही सावध राहावे. पीपीएफ, म्हणजे गाडीवर चढवायची पारदर्शक फिल्म, हे स्वतंत्र हुनर आहे. रंगाला न लागता फिल्म कापणारा हात दोन दिवसांत तयार होत नाही. मोटारीचे सीटकव्हर शिवणारे आपले कारागीर कदाचित इतरांपेक्षा लवकर शिकतील, कारण वळणावर ताण किती द्यायचा हे त्यांना ठाऊक असते. पण तो सेमिनार वेगळा घ्यावा.

वेळेबद्दल एक सूचना. गुढीपाडवा, रमजान ईद, दसरा-दिवाळी हे हंगाम सोडून पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये जावे. धंदा मंद असतो, दुकान बंद राहिल्याचे नुकसान कमी. जुम्याच्या नमाजची सुट्टी मिळेल का हे आधीच विचारून घ्यावे. बहुतेक आयोजक आनंदाने देतात, फक्त ऐनवेळी उठून गेलेले त्यांना आवडत नाही.

पाण्याची बाटली आणि काळा पत्रा

सेमिनार भरतो एसी हॉलमध्ये, २४ डिग्रीला, फिल्टरच्या पाण्यावर. आपले दुकान मालेगावात पत्र्याच्या शेडखाली, मे महिन्यात ४२ डिग्रीला, बोअरच्या पाण्यावर. हॉलमध्ये कोटिंग लावल्यावर पुसण्यासाठी जितका वेळ मिळतो तितका शेडमध्ये मिळत नाही. ते पटकन धरते आणि डाग राहतात. कोकणात दमटपणाने वेगळाच हिशोब होतो. म्हणून आमचे सांगणे असे की आपल्या दुकानातले पाणी बाटलीत भरून सेमिनारला न्यावे. पाण्यातील क्षार दाखवणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, त्याचा आकडा लिहून न्यावा, आणि शिकवणाऱ्याला विचारावे की या पाण्याने धुतलेल्या काळ्या गाडीवर डाग पडू नयेत म्हणून काय करू? ज्याला काम येते तो खूश होऊन अर्धा तास बोलेल. जो फक्त बाटल्या विकतो तो विषय बदलेल.

भंगारातून एखादा काळा बॉनेटचा तुकडा मिळाला तर तोही गाडीत टाकून न्यावा. त्यावर मध्ये टेप चिकटवून एका बाजूस आपल्या नेहमीच्या पद्धतीने काम करावे, दुसऱ्या बाजूस शिकवल्याप्रमाणे. सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडपासून सुरुवात, त्याने न भागले तरच पुढची पायरी. आपल्याकडे उलटे चालते: आधी सर्वांत जहाल कंपाउंड, मग बघू.

वही न्यावी. व्याख्यान इंग्रजी-हिंदीत चालते म्हणून आपली मुले मागे बसतात आणि मोबाइलवर चित्रीकरण करतात, जे पुढे कोणी पाहत नाही. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, धंद्यातील वह्या आजही आम्ही उजवीकडून डावीकडे लिहितो आणि हिशोब चुकत नाही. पॅडचा रंग, मशीनचा वेग, किती फेऱ्या, किती दाब, किती मिनिटे हे आकडे वहीत पाहिजेत.

टॉवेलबद्दल दोन शब्द जास्त, कारण तो आमचा विषय. सेमिनारात पॉलिशवर चार तास बोलतात आणि टॉवेलवर चार मिनिटे. वास्तविक गाडीवर जे बारीक गोल ओरखडे दिसतात त्यांतले पुष्कळसे चुकीच्या फडक्याने आणि चुकीच्या धुलाईने पडलेले असतात. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉन, यांचा चिरलेला धागा. बाजारात ८०-२० आणि ७०-३० अशी मिश्रणे मिळतात. दुसरा आकडा नायलॉनचा, तो जास्त तर कापड अधिक मऊ आणि महाग. जीएसएम म्हणजे चौरस मीटरचे वजन. कोटिंग पुसायला ३०० च्या आसपासचे आखूड केसांचे कापड पुरते, शेवटचा हात फिरवायला ५०० चे लुसलुशीत, पाणी टिपायला हजाराच्या वरचे जाड. कडेची शिलाई आणि लेबल ओरखडे पाडतात, म्हणून कडा यंत्राने कापलेले, बिनशिलाईचे घ्यावे किंवा निदान लेबल काढून टाकावे. ओळखायची सोपी रीत म्हणजे कापड तळहातावर फिरवून पाहावे. कातडीच्या खडबडीत जागी ते अडकल्यासारखे वाटले तर धागा खरोखर चिरलेला आहे. सुळकन घसरले तर नुसते पॉलिएस्टर आहे, ते पाणी पिणार नाही, ढकलेल. धुताना सुती कपड्यांबरोबर टाकू नये, त्यांची रुई चिकटते. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याने धाग्याच्या फटी बुजतात. कडक ऊन, गरम इस्त्री नको. जमिनीवर पडलेला टॉवेल चाकांच्या टोपलीत, पुन्हा रंगावर नाही. आणि टायरचा, काचेचा, रंगाचा टॉवेल वेगवेगळ्या रंगाचा ठेवावा म्हणजे नवीन पोरालाही सांगावे लागत नाही.

बाटलीतले विष

चाके चमकवण्यासाठी बाजारात सुट्या कॅनमधून 'अॅसिड' मिळते. त्यातील काहींत हायड्रोफ्लोरिक अॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. हे साध्या अॅसिडसारखे लगेच जाळत नाही; कातडीतून आत जाते, कित्येक तासांनी वेदना सुरू होतात, आणि शरीरातील कॅल्शियमवर त्याचा हल्ला होतो. जास्त लागले तर माणूस दगावू शकतो. आपल्या वॉशिंग सेंटरवर पंधरा-सोळा वर्षांची मुले उघड्या हाताने हे वापरतात हे पाहून अंगावर काटा येतो. सेमिनारात प्रत्येक बाटलीची सेफ्टी डेटा शीट मागावी. सोळा भागांचा तो कागद असतो, त्यात आत काय आहे आणि लागले तर काय करावे ते लिहिलेले असते. ज्याची शीट मिळत नाही तो माल दुकानात आणू नये. मास्कचेही समजून घ्यावे: धूळ अडवणारा मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही, त्यासाठी कोळशाच्या डबीचा वेगळा मास्क लागतो. क्लिअर मारणाऱ्या आपल्या किती पेंटरांची छाती चाळिशीत भरली, हे गल्लीत विचारून पाहावे.

ओले धान्य

एक गोष्ट काही सेमिनारांत शिकवली जाते जी शिकू नये. तेल आणि मेण भरलेले ग्लेझ मारले की ओरखडे भरून येतात, गाडी आरशासारखी दिसते, ग्राहक पैसे देऊन जातो. तीन-चार धुलाया झाल्या की ओरखडे परत हजर. मदिनेच्या बाजारात हुजूर (सल्ल.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि बोटे ओली झाली, तो प्रसंग वाचकांना ठाऊक आहेच. वर कोरडे, आत ओले. ग्लेझचे काम नेमके तेच, जर ग्राहकाला न सांगता केले तर. सांगून करा, 'हे तात्पुरते आहे, लग्नाच्या वरातीपुरते', आणि तेवढेच पैसे घ्या. कोणाची हरकत नाही. चांगला उस्ताद पॉलिश झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसून दाखवतो. तेल उडते, खरे काम उरते. ही पुसणी ग्राहकासमोर करण्याची सवय ठेवावी.

'नाइन एच' चेही असेच. सिरॅमिक कोटिंगवर ९ एच लिहिलेले असते आणि विक्रेता ते हिऱ्याच्या जवळपासचे आहे असे भासवतो. तो पेन्सिलचा आकडा आहे. निरनिराळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठराविक वजनाने थरावरून ओढून पाहतात. शाळेतली एचबी मधली, ९ एच सर्वांत कडक. म्हणजे कोटिंगवर ती पेन्सिल ओरखडा पाडत नाही, इतकाच अर्थ. दगड, किल्ली, भिंतीचा कोपरा यांना ते रोखणार नाही. कोटिंगने पाणी घसरते, मळ कमी चिकटतो, धुणे सोपे होते. हे खरे गुण ग्राहकाला सांगावेत, ते पुरेसे आहेत. 'लाइफटाइम गॅरंटी' बिलावर लिहून देणाऱ्याने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा एकदा वकिलाकडून समजून घ्यावा. दिशाभूल करणारी जाहिरात त्यात गुन्ह्याच्या कक्षेत येते.

परतल्यावर

आता हिशोब. समजा फी २० हजार, प्रवास आणि लॉज ६ हजार, तीन दिवस दुकान बंद म्हणून रोज २ हजारांप्रमाणे ६ हजार. एकूण ३२ हजार. शिकून आल्यावर माल आणि मजुरी वजा जाता एका गाडीमागे पूर्वीपेक्षा १६०० रुपये जास्त सुटले, तर वीस गाड्यांत पैसे परत. आठवड्याला दोन गाड्या म्हणजे अडीच महिने. हा हिशोब जाण्यापूर्वी मांडावा. वीस गाड्या कोणाच्या, त्यांची नावे लिहिता येत नसतील, तर आधी ग्राहक शोधावेत, मग सेमिनार. दुकान जीएसटीत नोंदलेले असेल तर फीचे पक्के बिल आपल्या नंबरावर घ्यावे; त्यावरील कराची वजावट मिळू शकते. कच्च्या पावतीवर ते पैसे गेले. फीसाठी व्याजी कर्ज काढू नये. जमातीच्या बैतुलमालातून किंवा नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना मिळत असेल तर घ्यावे, नाहीतर दोन गॅरेजवाल्यांनी मिळून एक माणूस पाठवावा आणि त्याने परतल्यावर दुसऱ्यालाही शिकवावे.

माणूस कोणता पाठवावा, यावर आमचे मत पक्के आहे. एकट्या शागिर्दाला पाठवू नये. तो उत्साहाने परततो, माप घ्यायला यंत्र मागतो, आणि उस्ताद म्हणतात, "रहने दे बेटा, तीस बरस से ऐसेच करते आए." सहा महिन्यांत तो मुलगा काचेच्या दरवाजाआड नोकरीला लागलेला असतो आणि उस्ताद सर्वांना सांगत फिरतात की शिकवलेली पोरे टिकत नाहीत. उस्तादाने स्वतः जावे आणि मुलाला बरोबर न्यावे. एकाचा हात, दुसऱ्याची वही. आणि मुलाला गाडीमागे हिस्सा ठरवून द्यावा, तोही कागदावर.

परतल्यावर पहिल्या आठवड्यातच एक गाडी करावी, स्वतःची किंवा शेजाऱ्याची, नफा न धरता. मग एक रजिस्टर उघडावे. तारीख, गाडी, रंग, कामापूर्वीची जाडी, कामानंतरची जाडी, कोणते पॅड, कोणते पॉलिश, किती तास, किती माल, किती पैसे, आणि शेवटचा रकाना तीन महिन्यांनी भरायचा: गाडी परत आली काय, आणि आली तर काय म्हणाली. पन्नास गाड्यांनंतर त्याच उस्तादाला फोन करून रजिस्टरमधल्या अडचणी विचाराव्यात. चांगला शिकवणारा फी घेतल्यावरही फोन उचलतो, आणि तो उचलतो की नाही हे पैसे भरण्यापूर्वी त्याच्या मागच्या तुकडीतील दोघा-तिघांना विचारून घेता येते.